ज्यूरीत बसण्याआधीच कारण न सांगता घरी पाठवतात, याला कायद्यात काही उत्तर आहे का?

विश्रामबागच्या बाई (सांगली):

नमस्कार. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. ३१ वर्षं मराठी शाळेत, त्यातली बरीचशी चौथीच्या वर्गावर. कायद्याचं माझं ज्ञान नागरिकशास्त्राच्या पुस्तकापुरतं, म्हणून इथल्या वकील मंडळींना विचारते. गोष्ट परदेशातली आहे, पण मार्चपासून माझ्या मनातून जात नाही. सविस्तरच लिहिते, तुकड्यातुकड्याने सांगून ती कळायची नाही.

माझी थोरली मुलगी कॅलिफोर्नियात असते. जाऊन १७ वर्षं झाली, पाच वर्षांपूर्वी तिथलं नागरिकत्व घेतलं. तिला ज्यूरीचं, म्हणजे खटल्याचा निकाल द्यायला जी साधी नागरिक माणसं बसवतात त्यांत यायचं, समन्स आलं तेव्हा मी तिच्याकडेच होते. समन्स म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. ती म्हणाली, "आई, हे मतदानासारखं आहे. नागरिक झाल्यावर एवढं तरी करायला मिळतं." तिने ऑफिसात रजा टाकली, आदल्या रात्री साधा कॉटनचा ड्रेस इस्त्री करून ठेवला, सकाळी डबा भरून घेतला. पैसे म्हणाल तर पहिल्या दिवसाचे काही नाहीत, दुसऱ्या दिवसापासून रोजचे १५ डॉलर. तेवढ्यात तिकडे एका माणसाचं धड जेवणही होत नाही. पण ती हौसेने गेली.

खटला एका कृष्णवर्णीय मुलावर होता. वय एकोणीस-वीस. दुकानात चोरी आणि मारहाण केल्याचा आरोप. दुसऱ्या दिवशी मुलीचा नंबर पुकारला, तिला पुढच्या खुर्च्यांत बसवलं आणि प्रश्न सुरू झाले. सरकारी वकिलाने विचारलं, तुमच्या घरच्या कुणाला पोलिसांनी कधी अडवलंय का? तिने शपथ घेतली होती, खरं ते सांगितलं. जावई संध्याकाळी चालायला जातात, त्यांना त्यांच्याच गल्लीत दोनदा थांबवून "इथेच राहता का?" म्हणून विचारलं होतं. मग त्याने विचारलं, साक्षीदार भराभर बोलतील, तुम्हाला इंग्रजी समजायला अडचण नाही ना येणार? तिच्या हाताखाली बारा माणसं आहेत, दिवसभर इंग्रजीच बोलते. म्हणाली, नाही येणार. न्यायाधीशांनी विचारलं, कुणाची बाजू न घेता ऐकाल? म्हणाली, ऐकेन.

थोड्या वेळाने सरकारी वकील उठला आणि अमुक नंबरच्या बाईंचे आभार मानून त्यांना मोकळं करावं, असं म्हणाला. झालं. का, कशासाठी, काही नाही. तिच्या आधी टपालखात्यात काम करणारी एक कृष्णवर्णीय बाई आणि मेक्सिकन वंशाचा एक तरुण असेच "आभार" घेऊन उठले होते. दारातून बाहेर पडताना तिने वळून बघितलं, खुर्च्यांत आता कोण उरलंय ते. तो आरोपी मुलगासुद्धा तेच बघत होता म्हणे.

घरी येऊन मला विचारते, "आई, मी काय चुकीचं बोलले?"

मी दर जूनमध्ये वर्गात मॉनिटर नेमायची. ज्याला नेमलं नाही ते पोर मधल्या सुट्टीत टेबलाशी येऊन उभं राहायचं, "बाई, मला का नाही?" नऊ वर्षांच्या पोराला त्याचं उत्तर द्यावं लागायचं, आणि उत्तर खोटं असेल तर त्याला कळायचं. म्हणून एकदा तर मी नेमलेला मॉनिटर बदललासुद्धा. इथे तर एका मुलाचं आयुष्य ठरायचंय. तिथे कारण न देता माणूस उठवायचा हक्क कायद्याने कसा काय दिला? तो काढून टाकायचा प्रयत्न कुणी केला का? आणि ज्याला उठवलं त्याने दाद कुठे मागायची?

फौजदारी_सातारा:

बाई, नमस्कार. मी साताऱ्याला फौजदारी वकिली करतो. अमेरिकेत उभा राहिलेलो नाही, पण एलएल.एम.ला माझा विषय ज्यूरी हाच होता आणि तेव्हापासून तिथले निकाल वाचतो.

ज्युररला, म्हणजे ज्यूरीतल्या माणसाला, दोन रस्त्यांनी वगळता येतं. एक, कारण दाखवून. तो आरोपीचा मेहुणा आहे, त्याने आधीच मत बनवलंय वगैरे. याला संख्येची मर्यादा नाही, न्यायाधीशांना पटलं पाहिजे एवढंच. दुसरा रस्ता म्हणजे पेरेम्प्टरी चॅलेंज, कारण न देता. याची संख्या ठरलेली असते. कॅलिफोर्नियात नेहमीच्या गंभीर गुन्ह्यात दोन्ही बाजूंना दहा-दहा, फाशी किंवा जन्मठेपेच्या खटल्यात वीस-वीस. तुमच्या मुलीला यातून उठवलं.

हा हक्क जुन्या इंग्लिश रिवाजातून आला आणि त्यामागचा हेतू चांगला होता. समोरच्या माणसाची नजर आरोपीला बरी वाटत नाही, पण पुरावा काही नाही, तर त्याला तो माणूस नाकारता यावा. वाकडं झालं ते नंतर. वेस्ट व्हर्जिनियात फक्त गोऱ्या पुरुषांनाच ज्यूरीत बसता येईल असा कायदाच होता, तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८० मध्ये घटनाबाह्य ठरवला. कायद्याने बंदी घालता येईना, तेव्हा तेच काम या हक्काने होऊ लागलं. यादीत कृष्णवर्णीय नावं असायची, खुर्चीपर्यंत पोचायची नाहीत.

१९८६ च्या बॅट्सन खटल्यात हे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने अडवलं गेलं. केंटकीतल्या त्या खटल्यात सरकारी वकिलाने चारही कृष्णवर्णीयांना उठवून सगळी गोरी ज्यूरी बसवली होती. न्यायालयाने सांगितलं, वंशावरून वगळल्याचा संशय घेण्याजोगी परिस्थिती बचाव पक्षाने दाखवली, तर सरकारी वकिलाने वंशाशी संबंध नसलेलं कारण द्यायचं, आणि ते कारण खरं की बतावणी हे न्यायाधीशाने ठरवायचं. ऐकायला चोख. पण १९९५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं की कारण शहाणपणाचं असायची गरज नाही. त्या खटल्यात ज्युररचे लांब केस आणि दाढी हे कारण चाललं! मग काय, केसापासून नजरेपर्यंत काहीही कारण म्हणून पुढे येऊ लागलं. हेतू सिद्ध करायचा म्हणजे वकिलाच्या मनात शिरायचं. जॉर्जियातल्या फॉस्टर खटल्यात ते जमलं, कारण सरकारी वकिलांची टिपणंच हाती लागली. कृष्णवर्णीयांच्या नावांवर हिरवी खूण आणि शेजारी इंग्रजी 'बी' अक्षर. खटला १९८७ चा, न्याय मिळाला २०१६ ला. मिसिसिपीत कर्टिस फ्लॉवर्स नावाच्या माणसावर एकाच गुन्ह्यासाठी सहा वेळा खटला चालला. सहा खटल्यांत मिळून सरकारी वकिलाच्या वाट्याला ४२ कृष्णवर्णीय ज्युरर आले, त्यातले ४१ त्याने उठवले. २०१९ मध्ये शिक्षा रद्द झाली.

आता तुमचा दुसरा प्रश्न. कॅलिफोर्नियाने यावरच २०२० मध्ये नवा कायदा केला, फौजदारी खटल्यांना तो १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात हेतू शोधायची अटच काढली. जाणता, तटस्थ माणूस बघत असता तर वंश, लिंग, धर्म, राष्ट्रीयत्व असलं काही या वगळण्यामागे असण्याची दाट शक्यता आहे असं त्याला वाटलं असतं का, एवढंच न्यायाधीशाने बघायचं. शिवाय काही कारणं मुळातच अग्राह्य मानली आहेत. ती यादी वाचताना तुमची मुलगी डोळ्यांसमोर येते. पोलिसांचा वाईट अनुभव असणं किंवा पोलिसांनी अडवलेल्या माणसाशी जवळचं नातं असणं. इंग्रजी मातृभाषा नसणं. राहण्याची वस्ती, पेहराव, बेकारीसुद्धा. यातलं कारण दिलं तर ते वंशाशी निगडित नाही हे ठोस पुराव्याने दाखवायची जबाबदारी वगळणाऱ्यावर येते. वॉशिंग्टन राज्याने असाच नियम २०१८ मध्ये केला होता. ॲरिझोनाने तर २०२२ पासून हा हक्कच काढून टाकला. इंग्लंडने तो १९८८ मध्ये आणि कॅनडाने २०१९ मध्ये काढला.

मग मुलीच्या बाबतीत काय झालं? हा कायदा आपोआप चालत नाही. विरुद्ध बाजूच्या वकिलाने किंवा खुद्द न्यायाधीशांनी, तेही ज्यूरी कायम होण्याआधी, हरकत घ्यावी लागते. हरकत आली की कारण सांगावं लागतं. ती कुणी घेतलीच नाही तर कारण विचारलंही जात नाही. बचावाच्या वकिलालाही ती ज्युरर नको असेल, किंवा तो झोपला असेल. वगळलेल्या माणसाचा स्वतःचा हक्क मोडतो हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये मान्य केलंय, पण चालू खटल्यात तो हक्क त्याच्या वतीने मांडायचा तो पक्षकाराने. तुमची मुलगी स्वतः उभी राहून "का?" विचारू शकत नाही. माझ्या मते या कायद्यातली उरलेली फट हीच. वगळण्याचं कारण प्रत्येक वेळी, कुणी मागो न मागो, नोंदवलं गेलं पाहिजे.

मिरजकर_६२:

वकीलसाहेब, एवढ्या दुरुस्त्या करत बसण्यापेक्षा आपण केलं तेच बरं. नौदल अधिकारी नानावटींच्या खून खटल्यात ज्यूरीने ८ विरुद्ध १ ने निर्दोष सांगितलं, न्यायाधीशांना ते पटेना, उच्च न्यायालयाने आणि मग १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. ज्यूरी पेपर वाचून वाहवत गेली होती. त्या एका खटल्याने ज्यूरी बंद झाली आणि सुटलो. शिकलेला न्यायाधीश असताना बारा अनोळखी माणसांवर का विसंबायचं?

माहुलीकाठ (सातारा):

मिरजकर, नानावटीने ज्यूरी बंद झाली हे सगळीकडे ऐकू येतं, पण क्रम बघा. ज्यूरी बंद करा अशी शिफारस विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालातच केली होती. नानावटी प्रकरण घडलं एप्रिल १९५९ ला. फौजदारी प्रक्रिया संहितेतून ज्यूरी गेली ती १९७३ च्या कायद्याने. आणि पूर्ण गेली असंही नाही, पारशी विवाहाच्या खटल्यांत न्यायाधीशांबरोबर पाच प्रतिनिधी आजही बसू शकतात.

बाई, तुमच्या मुलीला इंग्रजी कळेल का असं विचारलं, ते वाचून मला १९०८ आठवलं. मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला. सरकारने विशेष ज्यूरी मागितली आणि न्यायमूर्ती दावरांनी ती दिली. विशेष ज्यूरी म्हणजे युरोपियनांचं बहुमत हे तेव्हा मुंबईत सगळ्यांना ठाऊक होतं. बसले ते ७ युरोपियन आणि २ पारशी. निकाल ७ विरुद्ध २, सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा, मंडाले. त्याआधी १८९७ ला त्यांच्यावरच्या राजद्रोहाच्या खटल्यात ६ युरोपियन, ३ हिंदी, आणि निकाल ६ विरुद्ध ३. दोन्ही वेळा आकडे ज्यूरी बसली तेव्हाच ठरल्यासारखे. केसरीतले लेख मराठीत, आणि ज्यूरीपुढे त्यांची इंग्रजी भाषांतरं. भाषांतर चुकीचं आहे, या शब्दाला मराठीत हा अर्थ नाही, हे टिळक परोपरीने सांगत राहिले. तिथे ज्युररला आरोपीची भाषा येते का, हा प्रश्न महत्त्वाचा होता आणि ज्यूरी निवडणाऱ्यांना त्याने काही फरक पडला नाही. भाषेचा प्रश्न कोण कुणाला विचारतो यावरून खुर्ची कुणाची ते कळतं.

जाता जाता: पेशवाईत वाद पंचायतीपुढे न्यायचा तर दोन्ही पक्ष आधी "राजीनामा" लिहून देत. या पंचांचा निर्णय आम्ही राजी होऊन मान्य करू, असा. निवाड्याआधी पंच दोघांना मान्य हवेत एवढी अक्कल तेव्हाही होती. आज त्या शब्दाचा अर्थ नोकरी सोडणं एवढाच उरला.

विट्याचे_भाऊसाहेब:

मी कोर्टात कारकून होतो, २०१४ ला रिटायर झालो. मिरजकर, ज्यूरी गेली म्हणून आपण सुटलो असं समजू नका. आपल्याकडं ज्यूरी नाही, पण पंच हाईत की. झडती झाली, हत्यार निघालं, मुद्देमाल जप्त झाला, ते दोन पंचांनी बघितलं म्हणून कोर्ट धरतं. आणि पंच निवडतो कोण? जो झडती घेतो तोच. मी पुकारा व्हायच्या आधी साक्षीदाराचा चेहरा बघून ओळखायचो, हा मागच्या महिन्यात दुसऱ्या केसला आलेला. सराईत पंच म्हणतात त्याला. चहाटपरीवाला, ठाण्यासमोरचा झेरॉक्सवाला. माणसं वाईट न्हवती, पण ठाण्यावर पोट अवलंबून असलेला माणूस उलट काय बोलणार? गंभीर गुन्ह्यात सरकारी कर्मचारी पंच घ्यायची पद्धत आली, त्यानं फितुरी कमी झाली असंल. पण निवड अजून त्याच हातात हाय.

विश्रामबागच्या बाई (सांगली):

वकीलसाहेब, मनापासून आभार. तुमचं उत्तर मुलीला रात्री फोनवर वाचून दाखवलं. कारणांच्या यादीवर आले तेव्हा ती पलीकडून काहीच बोलेना. मग म्हणाली, म्हणजे मी चुकीचं नव्हते बोलले. माझ्यासाठी तेवढ्याने निम्मं काम झालं.

भाऊसाहेब, तुमच्या "पंच" या शब्दाने मात्र मला माझ्या माहेरच्या ओसरीवर नेऊन बसवलं. ही गोष्ट मी कधी लिहिली नव्हती.

माहेर तासगाव तालुक्यातलं. वडिलांची चार एकर जमीन, गावात मान. गावाबाहेर ओढ्यापलीकडे पारध्यांची चार-पाच पालं असायची. गावात काही गेलं, कोंबडी असो की पितळेची घागर, की झडती तिकडेच. १९७६ साल असेल. मी सातवीत होते. एक हवालदार सकाळी दारात आला आणि वडिलांना म्हणाला, चला, पंच म्हणून सही पाहिजे. वडील गेले. पालावर पोचले तेव्हा घागर आधीच बाहेर काढून ठेवलेली होती आणि कागद लिहून तयार होता. त्यांनी सही केली. घरी येऊन आईला म्हणाले, मी काही निघताना बघितलं नाही, ठेवलेलं बघितलं.

वर्षभराने कोर्टाचं बोलावणं आलं. आरोपीच्या वकिलाने विचारलं, घागर तुमच्यासमोर पालातून काढली का? वडील म्हणाले, नाही. सरकारी वकिलांनी त्यांना फितूर जाहीर केलं. तो पारधी सुटला. आणि गावात माझ्या वडिलांच्या नावामागे "फितूर" लागलं. देवळात, सोसायटीत, लग्नात. एक खरं वाक्य बोलल्याबद्दल. ते २००३ ला गेले. शेवटच्या आजारातही एकदा मला म्हणाले, मी सही करायच्या आधी बोलायला हवं होतं. साक्षीचा त्यांना पश्चात्ताप नव्हता, सहीचा होता.

त्या वेळी मी त्यांना विचारलं होतं, अण्णा, तुम्हालाच का बोलावलं? ते म्हणाले, कायद्यात लिहिलंय, पंच प्रतिष्ठित पाहिजे. मला तेव्हा अभिमान वाटला होता. आज तुमचं सगळं वाचताना कळतंय की त्या एका शब्दाने पालावरची सगळी माणसं कायमची वगळली गेली होती. त्यांच्यातला कुणी कधी पंच झाला नाही. कुणी त्यांचे आभार मानून त्यांना उठवलंही नाही, कारण त्यांना खुर्चीपर्यंत बोलावलंच नव्हतं. माझ्या मुलीला निदान बोलावलं तरी.

मिरजकर, म्हणून मला ज्यूरी असावी की नसावी यापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं, की न्यायाच्या कामाला कुणाला बसवायचं हे ठरवणाऱ्याला "हा का आणि तो का नाही" याचं उत्तर लेखी द्यायला लागलं पाहिजे. तिकडेही आणि तासगावातही.

वकीलसाहेब, एकच विचारते. तो "प्रतिष्ठित" शब्द अजून कायद्यात आहे का?

फौजदारी_सातारा:

आहे, बाई. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या कलम १०३ मध्ये परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी, ही जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० मधली भाषा तशीच आली. कलम १०५ ने झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलंय, हा मोठा फरक आहे. घागर आधीच बाहेर ठेवलेली असती तर आज ते चित्रीकरणात दिसायला हवं. पण पंच कुणी निवडला आणि का, याची नोंद त्यातही नाही.

तुमचा मुद्दा वाचून मला टेक्सास आठवलं. तिथे खटला उभा राहावा की नाही हे ठरवणारी मोठी ज्यूरी असते. ती निवडायला न्यायाधीश काही प्रमुख माणसं नेमत, आणि त्या माणसांनी सुबुद्ध व चांगल्या चारित्र्याचे लोक सुचवायचे. हिदाल्गो परगण्यात मेक्सिकन वंशाचे लोक ७९ टक्के होते, ११ वर्षांच्या मोठ्या ज्यूरींत त्यांचा वाटा ३९ टक्के निघाला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेवढ्या आकड्यांवरून भेदभावाचं अनुमान मान्य केलं, आणि सरकारने ते खोडून काढायला हवं होतं असं म्हटलं. संघराज्याच्या न्यायालयांसाठी १९६८ च्या कायद्यानेच ही पद्धत संपवली होती, तिथे मतदारयादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावं निघू लागली. पंचांच्या बाबतीत तसा विचार आपल्याकडे करता येईल. झडती अचानक असते, यादी कुठून आणायची, हे प्रश्न आहेत, पण सुटणारे आहेत. भाऊसाहेब, तुम्ही इतकी वर्षं आत होतात, तुम्ही यावर लिहा. मी कायद्याची बाजू जोडतो.

आणि बाई, अण्णांच्या साक्षीचं. एवढ्या जुन्या खटल्याची बाकी कागदपत्रं बहुधा नष्ट झाली असतील, पण निकालपत्र सापडू शकतं. साल, गाव आणि आरोपीचं नाव आठवत असेल तर मला खासगी निरोपात कळवा. नकलेचा अर्ज मी तयार करून देतो. त्यात न्यायाधीशांनी त्यांच्या साक्षीबद्दल काय लिहिलंय ते तुम्हाला वाचायला मिळेल.

विश्रामबागच्या बाई (सांगली):

आरोपीचं नाव मला अजून पाठ आहे. उद्या कळवते.